यशस्वी वार्धक्याचें माप

ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें सिसेरोनें वार्धक्यावरील आरोपांना उत्तरें दिलीं. त्याला गुण देण्याचा खटाटोप त्यानें केला नाहीं. तो उद्योग विसाव्या शतकांतील अमेरिकेचा. १९६१ सालीं न्यूगार्टेन, हॅव्हिगहर्स्ट व टोबिन यांनीं जीवनतृप्तीची एक वीस विधानांची मोजणी सिद्ध केली; तींत रुकार वा नकार देणारा स्वतः वृद्धच असे. पुढें १९८७ मध्यें रो आणि कान यांनीं सामान्य व यशस्वी वार्धक्य असा भेद केला, आणि १९९७ सालीं यशाच्या तीन अटी सांगितल्या: रोग व पंगुत्व यांचा अल्प संभव, बुद्धि व देह यांची उत्तम शक्ति, आणि जीवनव्यवहारांत सहभाग. साक्षीदाराला खालीं बसवून जणूं वैद्यानेंच निकाल वाचावा, तसें हें झालें!

कॅलिफोर्नियांतील अलामिडा परगण्यांत ६५ ते ९९ वर्षांच्या ८६७ स्त्रीपुरुषांना स्ट्रॉब्रिज प्रभृतींनीं ही कसोटी लाविली, आणि त्यांचें स्वतःचें मतही विचारिलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला आंकडा बोलका आहे. कसोटीस १८.८ टक्के उतरले. स्वतःला यशस्वी म्हणविणारे ५०.३ टक्के निघाले. ही आत्मवंचना, असें कोणी म्हणेल. मला तो पट्टीचाच दोष वाटतो. जुनाट व्याधि जडलेल्या पुष्कळांनीं आपलें वार्धक्य यशस्वी असल्याचें सांगितलें होतें. रो-कान यांच्या यादींत त्यांपैकीं एकालाही जागा नव्हती. व्याख्येनेंच दार लावून घेतलें होतें.