व्यापारी लघुसंदेश आणि संमतीचा प्रश्न : वऱ्हाडच्या संदर्भात

बाजाराच्या नियमनाचा प्रश्न वऱ्हाडास नवा नाही. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल आणि मापारी यांना परवान्याच्या कक्षेत आणणे हे त्या व्यवस्थेचे मुख्य अंग होते. मध्यस्थाची नोंद झाली. माल विकणाऱ्या शेतकऱ्याचा शब्द मात्र दुय्यमच राहिला.

शतकानंतर व्यापार भ्रमणध्वनीवर आला, तेव्हाही नियमनाने प्रथम हाच मार्ग धरला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ५ जून २००७ च्या विनियमांनी जाहिरातदार मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली. ज्यांस जाहिराती नकोत, त्यांनी आपला क्रमांक नकारसूचीत नोंदवावा, अशी योजना होती. अर्थात जो गप्प राहिला, त्याची संमती गृहीत धरली गेली.

१ डिसेंबर २०१० च्या विनियमांनी नकारास अधिक नेमके रूप दिले. जाहिरातींचे सात वर्ग पाडण्यात आले. १९०९ या क्रमांकावर सर्व वा निवडक वर्ग नाकारता येऊ लागले आणि रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळेत जाहिराती पाठविण्यास मनाई झाली. बँकेतील जमेची सूचना यांसारखे व्यवहारविषयक संदेश या नकारापासून अलग ठेवले गेले. अमरावती-अकोल्याच्या कापूस उत्पादकास हा भेद महत्त्वाचा होता. जाहिरात नाकारली म्हणून विक्रीच्या रकमेची वार्ता थांबावी, असे कोणासही परवडणारे नव्हते.

खरा पालट १९ जुलै २०१८ च्या विनियमांत दिसतो. प्रेषकाचे नाव आणि मजकुराचा साचा यांबरोबरच ग्राहकाची संमतीही नोंदवहीत यावी, असे त्यांत ठरले. १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने जाहिरातीच्या संदेशातच नकाराची सोय देणे बंधनकारक केले, तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली आणि संमती मागे घेणाऱ्याकडे नव्वद दिवस पुन्हा संमती मागण्यास प्रतिबंध केला.

या क्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मध्यस्थास परवाना देणे आणि ग्राहकाची अनुमती घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणजे दुसरी साधतेच असे नाही. खरेदीच्या वेळी न वाचता केलेली सही संमती मानली गेली, तर २००७ चे मौनच नव्या नोंदवहीत शिरेल. म्हणून या नियमांचे मूल्यमापन नोंदणीकृत प्रेषकांच्या संख्येवरून न करता, ग्राहकाचा नकार किती सहज मानला जातो यावरून करणे इष्ट होय.