तांबडी भाजी आणि कुडण्याची बस्ती

कारापूरला लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट. चतुर्थीच्या तोंडावर शेजारच्या काकी तांबड्या भाजीची जुडी घेऊन दारात उभ्या. "पोरसांतली भाजी, घे गे." मी म्हटलं, "काकी, चातुर्मास आहे." त्यांचा चेहरा उतरला, माझाही. सगळा गोवा पावसात तायकिळा न् तेरं शोधत हिंडतो, आणि आपण पानाला शिवत नाही! फार परकं वाटलं मला.

ते परकेपण गेलं कुडण्याला. इथून जवळच गाव. तिथे लोक जिला 'गुजीर' म्हणतात ती जांभ्या दगडाची पडकी जैन बस्ती आहे. म्हणजे आपली माणसं इथे पोर्तुगीजांच्या राज्याआधीपासूनची. (डिचोली त्यांच्या हाती कायमची गेली ती १७८१ मध्ये.) त्या बायकांनीही हाच पाऊस पाहिला असणार. श्रावणात एक पान उलटून बघा, मागे अंडी, अळी, बारीक किडे. कितीही धुवा, निघत नाहीत. पालेभाजी का वर्ज्य, ते मला पोथीपेक्षा इथल्या ओलीनं जास्त शिकवलं.

आणि बाकीचे आठ महिने? मिरची, बटाटा, टोमॅटो ही सगळी अमेरिकेची पिकं, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतरची. ज्या बटाट्यावरून आपल्या घरांत अजून रुसवेफुगवे होतात, तो पाहुणाच! पण तांदुळजा आणि मायाळू चरकसंहितेत आहेत, तण्डुलीयक आणि उपोदिका या नावांनी. तांबडी भाजी तांदुळज्याचीच बहीण. तेव्हा भाजी जुनी, तिच्यातली मिरची नवी. त्याआधी तिखटाला मिरी होती.

म्हणून मी कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावरच वाफा करते. बी खसखशीएवढं, नुसतं फेकलं तर एकाच जागी पडतं. कोरड्या वाळूत मिसळून पेरायचं, वर मातीचा पातळ थर. महिन्याभरात भाजी काढायला येते. काकी मुळासकट उपटतात. मी चार बोटं बुंधा ठेवून सुरीने कापते, मग पुन्हा फुटवे येतात. अगदी कोवळी पानं उजेडात दोन्ही बाजूंनी पाहून कच्चीच खायची. ओलं खोबरं, मिरपूड, लिंबू. दिवस मावळायच्या आत, हे सांगायला नकोच.

यंदा पहिली जुडी मीच काकींकडे नेली. हसून म्हणाल्या, "सोंपलो गे तुजो चातुर्मास?"