शिकार साहेबाची, वाट आपल्या माणसाची

सध्या ज्ञानगंगा आणि अंबाबरवाच्या जंगल सफारीचे फोटो सगळीकडे फिरताहेत. पहिल्यांदाच जंगलात जाणारे लोक तीनच गोष्टी विचारतात. गाडी कोणती घ्यावी, गाईड कोण चांगला, आणि वाघ दिसेल का हो नक्की? दीडशे वर्षांपूर्वी विलायतेहून आलेला नवखा साहेबही हेच विचारायचा. फक्त त्याच्या हातात कॅमेरा नव्हता, रायफल होती. त्या शिकारीच्या सहलींचा इतिहास आपल्या जिल्ह्याच्या उशाला आणि पायथ्याला, दोन्हीकडे पडलेला आहे. आपण तो वाचतो तो मात्र साहेबाच्या पुस्तकातून. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय. वेळ असेल तर पूर्ण वाचा.

सुरुवात अजिंठ्यापासून करू. अजिंठ्याचा डोंगर म्हणजे आपलाच डोंगर, बुलढाणा शहर याच रांगेवर वसलंय. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात आला होता. मुलूख निजामाचा, साहेब परका, वाटा माहीत नाहीत. सोबतीला स्थानिक माणसं होतीच. असं सांगतात, की गुरं राखणाऱ्या एका पोराने त्याला दरीपलीकडची झाडीत बुडालेली कमान दाखवली. ती अजिंठ्याची लेणी. स्मिथने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही आहे. पोराचं नाव कुणी कोरलं नाही. पाठ्यपुस्तकात "स्मिथने लेणी शोधली" असं येतं. आता ज्या पोराची गुरं रोज तिथं चरायची त्याला ती लेणी माहीत नव्हती, असं कसं म्हणायचं?

त्यानंतर आला रॉबर्ट गिल. १८४४ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. गिल आणि पारोची गोष्ट महानोरांच्या 'अजिंठा'मुळे आणि पुढं सिनेमामुळे घराघरात गेली. पण गिल नामांकित शिकारीही होता, हे फारसं कुणी बोलत नाही. शंभराच्या वर वाघ त्याने मारले असं सांगितलं जातं. त्याने काढलेली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आगीत गेली. तो स्वतः १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. म्हणजे बघा, चित्रं जळाली, वाघही मेले.

आता मूळ मुद्दा. नवखा साहेब आपली पहिली शिकारीची सहल ठरवायचा कशी?

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६७ पर्यंत रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरला पोचली. मुंबईला उतरलेला माणूस आता सातपुड्याच्या पायथ्याशी सहज येऊ लागला. मग पुस्तकं आली. कॅप्टन जेम्स फोर्साइथ हा आपल्या शेजारच्या निमाडचा अधिकारी. त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं आणि पुढची कित्येक वर्षं शिकाऱ्यांनी ते पदरी बाळगलं. रायफलींवर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं होतंच. अशी पुस्तकं वाचून विलायतेतला माणूस ठरवायचा, की कुठं जायचं, कधी जायचं, काय न्यायचं.

हंगाम ठरलेला, उन्हाळा. मार्च ते जून. आपल्याला वाटेल एवढ्या उन्हात कशाला? तर पानगळ झालेली असते, लांबचं दिसतं, नाले आटलेले असतात आणि जनावराला उरलेल्या डोहावर यावंच लागतं. पुढं राखीव जंगलांचे ब्लॉक पडले. साहेबाने वनखात्याकडे अर्ज करायचा, ठराविक दिवसांसाठी ब्लॉक घ्यायचा, कोणतं जनावर किती मारायचं त्याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली. कागद असा नीटनेटका.

कागदाच्या पलीकडचं सगळं मात्र गावावर पडायचं. कोणत्या नाल्यात पंजे उमटलेत, काल सांबराने कुठं हाळी दिली, गारा कुठं पडलाय (गारा म्हणजे वाघाने मारलेलं जनावर, हा शब्द आता विसरत चाललाय), हे सांगणारा कोरकू, निहाल, भिल्ल किंवा गोंड असायचा. रेडकू बांधायला तोच, झाडावर मचाण बांधायला तोच. आणि मग हाका. पन्नास, शंभर, कधी त्याहूनही जास्त माणसं एका रांगेत ढोल, डबे बडवत, ओरडत झाडीतून चालायची. दोन्ही बाजूंच्या झाडांवर माणसं बसवायची, वाघ बाजूला फुटायला लागला की त्यांनी टाळी वाजवायची, फांदी खडखडायची. वाघ मचाणासमोर यायचा, साहेब वर बसून बार टाकायचा. गोळी नीट लागली तर फोटो. नाही लागली तर जखमी वाघ झाडीत, आणि त्याच झाडीत हाक्याची माणसं, हातात काठी किंवा कुऱ्हाड.

शिकारीच्या पुस्तकांत ही माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. बहुतेक एका ओळीच्या. वाघ किती फुटी किती इंची होता याला दोन पानं, माणूस कोणत्या गावचा होता याला एक शब्द नाही. बरं, हाक्याला येणारे सगळे खुशीने येत होते असंही नाही. पाटलाकडे निरोप जायचा, पाटील कोतवालाला सांगायचा, आणि ऐन मोहाच्या हंगामात माणसं उचलून नेली जायची. मजुरी मिळाली तर मिळाली. रसद, कोंबड्या, दूध, चारा गावाचाच. वेठ म्हणतात ती हीच.

याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. ज्या वर्षी फोर्साइथचं पुस्तक निघालं त्याच १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आणला. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग पसरत पसरत सगळीकडे. आपल्या जिल्ह्यातले फासेपारधी त्यात भरडले गेले. फास लावून हरीण, तितर, ससा धरणारी ही माणसं, नावातच फास आहे. त्यांचं जंगलाचं ज्ञान एवढं, की काही पारधी माणसाळवलेला चित्ता घेऊन काळवीट धरायचे. पण पारध्याने पोटासाठी हरीण धरलं तर तो जन्मजात गुन्हेगार, आणि साहेबाने भिंतीवर लावायला वाघ मारला तर तो मर्दानी खेळ. ३१ ऑगस्ट १९५२ ला पारधी कागदावर मुक्त झाले. कुठं चोरी झाली की पहिलं पाल कुणाचं तपासलं जातं हे मी तुम्हाला सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, पण धंदा वाढला. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसेल. १९५६ पर्यंत आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. त्यांचे चिरंजीव विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्याआधी नागपुरात ॲल्विन कूपर नावाची कंपनी चालवली. काम काय? मध्य भारताच्या जंगलांत मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या आणि फोटोग्राफीच्या सहली काढणं. होय, तेच विद्याचरण शुक्ल, १९५७ ला खासदार झालेले आणि आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री असलेले. यात त्या काळाच्या कायद्याने काही चूक नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. शिकार कायदेशीर होती, परदेशी चलन येत होतं, सरकारलाही ते हवंच होतं. अशा अनेक कंपन्या देशभर होत्या आणि अमेरिकेतल्या शिकारीच्या मासिकांत त्यांच्या जाहिराती येत.

म्हणजे आता फोर्साइथ वाचायची गरज उरली नाही. अमेरिकन पाहुण्याने पत्र लिहायचं, पैसे भरायचे, विमानाने यायचं. परवाना, ब्लॉक, जीप, तंबू, खानसामा, शिकारी, हाका, सगळं कंपनी बघणार. कातडं म्हैसूरच्या व्हॅन इंगेनकडे पाठवलं की जिवंतासारखा वाघ साता समुद्रापार. पहिल्यांदा येणाऱ्याला एकच निवड करायची होती, कोणती कंपनी. आणि कंपनीची पत कशावर? तिच्याकडे वाघाचा माग काढणारी माणसं कशी आहेत यावर. पुन्हा तोच कोरकू, तोच गोंड. जाहिरातीत फोटो मात्र पाहुण्याचा.

त्यात जीप आणि सर्चलाईट आले. रात्री रस्त्याने जायचं, डोळे चमकले की बार. याला शिकार म्हणायला जुने शिकारीही तयार नव्हते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांतच ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले होते, त्यात सरकारी बक्षिसासाठी मारलेलेही धरा. १९७२ ची मोजणी झाली तेव्हा देशात उरले होते सुमारे १८००.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ ला व्याघ्र प्रकल्प, आणि पहिल्या नऊ जंगलांत आपलं शेजारचं मेळघाट. पण एक बारकावा बघा. १९७२ च्या कायद्याने सगळी शिकार एका फटक्यात बंद केली असं आपण समजतो. तसं नाही. मूळ कायद्यात परवाना घेऊन काही जनावरांच्या शिकारीची सोय होती, 'बिग गेम' असा परवान्याचा प्रकारच होता. ते कलम गेलं १९९१ च्या दुरुस्तीत. म्हणजे परवान्याची शिकार कायद्याच्या पुस्तकातून जाऊन अजून चाळीस वर्षंही झाली नाहीत.

आज कायदेशीर गोळी चालते ती कलम ११ खाली, माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावरासाठी. २०१८ मध्ये यवतमाळच्या राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली टी-१ वाघीण मारली गेली. तेव्हाही शिकारी बाहेरून, हैदराबादहून बोलावला होता. देशभर वाद झाला, कोर्टकज्जे झाले. वाघिणीचं नाव, शिकाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ झालं. त्या तेरा जणांतल्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

आणि याच्या उलट एक गंमत. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ, टी१सी१, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन घराबाहेर पडला. तेलंगणाची हद्द, मराठवाडा, वाशीम करत पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत येऊन थांबला. ना परवाना, ना कंपनी, ना गाईड. शेतांतून, रस्त्यांवरून, कालव्यांवरून आला. काही महिने राहिला, जोडीदारीण मिळाली नाही, निघून गेला. पुढं २०२१ मध्ये गौताळ्यात, म्हणजे याच अजिंठ्याच्या रांगेत, एक वाघ कॅमेऱ्यात दिसला.

आता सफारीकडे येऊ. अंबाबरवातल्या आदिवासी गावांचं वाघासाठी पुनर्वसन झालं, माणसं खाली सपाटीवर आली. त्याच जंगलात आता पाहुणे जिप्सीतून फिरणार. माझा सफारीला विरोध नाही, उलट व्हावी. पण जी माणसं तिथून उठली त्यांच्या पोरांना गाईड, चालक, स्वयंपाकी म्हणून पहिला हक्क लेखी मिळाला पाहिजे. फासेपारध्यांच्या पोरांनाही, कारण माग काढणं त्यांच्याइतकं आजही कुणाला येत नाही. गेटवर जमा होणाऱ्या पैशातला किती वाटा कोणत्या गावाला गेला, याचा फलक ग्रामपंचायतीबाहेर लागला पाहिजे. रोही आणि रानडुकरांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई त्याच हंगामात मिळाली पाहिजे, पुढच्या नाही. पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी हे लेखी द्यायचा विचार आहे, सह्या करणाऱ्यांनी कळवा.

आणि एक विनंती. जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा, बोथ्याकडच्या मंडळींनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुणाचा आजा, पणजा हाक्याला गेला होता का, मचाण बांधायचा का, कुणाला वाघाने ओरबाडलं होतं का. नाव, गाव आणि आठवत असेल तर साल, खाली लिहा. मी वहीत उतरवून घेतोय.