किल्ल्याच्या दारातली फ्लॉपी

दिवाळीचा किल्ला म्हणजे घरातल्या अडगळीचे तीर्थक्षेत्र. फुटक्या विटा, जुनी तरटे, खोक्यांचे पुठ्ठे, सारे तेथे जाऊन पावन होते. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी किल्ल्याला महादरवाजा बसवला, तो दोन काळ्या चौकोनी फ्लॉप्यांचा. जवळ जाऊन पाहतो, तो एकीवर माझ्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी : 'कादंबरी, प्रकरणे १ ते ३'. पंचवीस वर्षांपूर्वी एका टंकलेखनाच्या दुकानात मी ती त्या फ्लॉपीवर उतरवून घेतली होती. मूळ वही पुढे वाळवीने फस्त केली. "बाबा, हिच्यात काय आहे?" या प्रश्नावर मी काय बोलणार?

या वस्तूचा कुळवृत्तांत फार जुना नाही. १९७१ साली आयबीएम कंपनीने मोठ्या संगणकांना सूचना भरवण्यासाठी आठ इंची लवचिक तबकडी आणली. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली. पुढे सोनी कंपनीने साडेतीन इंची तबकडी कडक कवचात घातली. आत लोहभस्माचा लेप दिलेली पातळ चकती. तिच्यावर चुंबकाने उमटवलेल्या खुणा म्हणजेच आपली अक्षरे. या शेवटच्या फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटोसुद्धा तीत शिरत नाही. पण एक कादंबरी मात्र सुखाने नांदत असे. मार्च २०११ मध्ये सोनीने जपानातली तिची विक्री थांबवली, आणि फ्लॉपीचे जणू तेरावेही उरकले.

पण गंमत अशी की, त्याच वर्षी ती गाऊ लागली! पोलंडमधल्या पावेल झाद्रोझ्न्याक नावाच्या अभियंत्याने फ्लॉपी वाचणारी दोन टाकाऊ यंत्रे घेतली आणि त्यांच्याकडून 'स्टार वॉर्स' या चित्रपटातले संचलनगीत वाजवून घेतले. यात जादू काहीच नाही. फ्लॉपीवर ८० वर्तुळे असतात आणि वाचणारी सुई एका लहानशा मोटारीने पावलापावलाने या वर्तुळावरून त्या वर्तुळावर सरकते. प्रत्येक पावलाला बारीकसा ठोका पडतो. सेकंदाला २२० ठोके पाडले, की त्यांचा सूर होतो : पेटीच्या खालच्या सप्तकातली पांढरी सहा. वर्तुळे संपली, की सुईला मागे फिरवायचे. २०१६ साली त्याने ६४ यंत्रांचा ताफा उभा केला. सोबत तालाला आठ हार्ड डिस्क आणि दोन स्कॅनर. सूर मोठा हवा असेल तर एकदम अनेक यंत्रे चालू करायची, विरत न्यायचा असेल तर एकेक बंद करत जायचे. २०२२ पर्यंत ही संख्या ५१२ वर गेली. ज्या खरखरीने कचेऱ्यांतले कारकून वैतागत, तिचाच वाद्यवृंद झाला.

कोणी म्हणेल, मास्तर, हा तर पोरखेळ! होय, पोरखेळच. पण पोरखेळाने काय साधते, तेही ऐका.

अँडी वॉरहॉल हा अमेरिकेतला नामांकित चित्रकार. १९८५ साली त्याने अमिगा नावाच्या नव्या संगणकावर काही चित्रे काढली. १९८७ मध्ये तो वारला. पिट्सबर्ग शहरातल्या त्याच्या संग्रहालयात त्याच्या फ्लॉप्या जपून ठेवल्या होत्या. पण जपणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. अखेर धावून आले, ते त्याच शहरातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातले हौशी विद्यार्थी. त्यांनी क्रायोफ्लक्स नावाचे छोटे उपकरण वापरले. ते अक्षरांचा अर्थ लावत बसत नाही. तबकडीवरचे चुंबकीय चढउतार जसेच्या तसे टिपून घेते. हे उपकरण बनवले कोणी? तर अमिगावरचे जुने खेळ नष्ट होऊ नयेत म्हणून झटणाऱ्या छांदिष्टांनी! चित्रांच्या फायलींची ठेवणही अनोळखी निघाली. तीही पोरांनी उकलली. २०१४ साली ती चित्रे जगाने पाहिली. त्यांत वॉरहॉलचा प्रसिद्ध सूपचा डबाही होता.

व्यवहाराचा हिशेब सरळ असतो. वस्तूचे काम संपले की तिची भंगारात रवानगी. आणि वस्तूबरोबर तिची भाषा जाणणारी माणसेही हळूहळू नाहीशी होतात. मग कागदपत्रे सुरक्षित राहूनही मुकी होतात. ही भाषा जिवंत ठेवली, ती खेळणाऱ्यांनी. 'याचा उपयोग काय?' असे त्यांनी विचारले नाही, म्हणूनच ती उपयोगी पडली. शाळेत पोरांच्या खिशातले दोरे, चुंबक, जळके बल्ब जप्त करताना माझा हात हल्ली जरा अडखळतो, तो यामुळेच.

दिवाळी सरली. किल्ल्यावरचे अळीव वाळले. महादरवाजा मी हळूच सोडवला. चिठ्ठीची फ्लॉपी पुसून कोरड्या डब्यात ठेवली आहे. तिच्यातल्या खुणा अजून शाबूत असतील की पुसल्या असतील, कोण सांगणार? चिरंजीव मात्र जुने यंत्र कोठे मिळते, याच्या शोधात आहेत. त्यांना ते गायला लावायचे आहे. मी म्हटले, "अवश्य लाव. पण गाण्याआधी बापाची तीन प्रकरणे तेवढी वाचून दाखव!"