संगणकातली जुनी वही

पाकिटावर नुसते 'टेंभुर्णी' लिहिले, तर पत्र कुठे जाईल? सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर एक टेंभुर्णी आहे. जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यात दुसरी आहे. टेंभुर्णी हे मुळात झाडाचे नाव. त्याच्याच पानांत सोलापूरच्या बायका विड्या वळतात. झाड सगळीकडचे, म्हणून गावेही अनेक. नावांचा असा घोळ निस्तरण्यासाठी टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. माढ्याच्या टेंभुर्णीला ४१३२११ हा आकडा मिळाला. माणसाने नाव लक्षात ठेवायचे, टपालाने आकडा वाचायचा.

हे सगळे आम्हांला आठवले ते टेंभुर्णीच्याच एका शाळेतल्या संगणकाच्या खोलीत. दहा संगणक, त्यांवर लिनक्स, आणि सगळ्यांत मिळून इंटरनेटची एकच बारीक जोडणी. मुले खेळांची संकेतस्थळे उघडत आणि बाकीच्यांची पाने अडकून बसत. एका शिक्षकांनी विचारले, "एका ब्राउझरमध्ये बंद केले की मुले दुसरा उघडतात. अख्ख्या संगणकावरच ही स्थळे बंद करता येतील का?"

येतात. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. लिनक्समध्ये 'ईटीसी' नावाच्या कप्प्यात 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात एकेक ओळ लिहायची एवढेच. पण ही फाइल स्थळे बंद करण्यासाठी जन्मलेली नाही. तिचा जन्म नेमका उलट कामासाठी झाला.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला आणि 'अर्पानेट' हे जाळे सुरू झाले. जाळ्यातल्या संगणकांना आकडे होते. माणसांनी त्यांना नावे दिली. कोणत्या नावाचा आकडा कोणता, याची वही प्रत्येक ठिकाणी आपापली. साहजिकच वह्या जुळेनात. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी सुचवले, की सर्वांसाठी एकच यादी असावी आणि ती जाळ्यावरच ठेवावी. पुढच्याच महिन्यात स्टॅनफर्ड संस्थेच्या माहिती केंद्राने ते काम अंगावर घेतले. फाइलचे नाव 'होस्ट्स डॉट टीएक्सटी'.

हे केंद्र चालवणाऱ्या एलिझाबेथ फाइनलर मूळच्या रसायनशास्त्राच्या. संगणकाकडे येण्यापूर्वी त्या रसायनशास्त्रातल्या संशोधनाचे सारांश आणि सूची करणाऱ्या संस्थेत काम करत होत्या. हजारो संयुगांची नावे नीट लावण्याची ती सवय इथे कामाला आली, असे आम्हांला वाटते. नवा संगणक जोडला, की फाइनलर यांच्या कचेरीला फोन करायचा किंवा कळवायचे, तिथल्या बाई यादीत ओळ घालणार, आणि मग बाकी सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. कचेरीची वेळ संपली असेल तर दुसऱ्या दिवशी! पुढे इंटरनेट झालेल्या त्या जाळ्याचा नावनिशीवार पत्ता असा एका कचेरीतल्या माणसांच्या हातून जात होता.

संगणक शेकड्यांनी वाढले तेव्हा हे जमेना. यादी रोज जुनी होऊ लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी काम वाटून दिले: वरच्याने फक्त खालचा कोण ते सांगायचे, खालच्याने आपली वही आपण ठेवायची. हीच आजची 'डीएनएस' पद्धत. तिच्यात भारताच्या वाट्याला 'डॉट इन' आले, आणि १९८९ पासून ती वही मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमध्ये ठेवली जात असे. २००५ पासून ते काम 'निक्सी' या संस्थेकडे आहे.

मोठी वही वाटली गेली, तरी प्रत्येक संगणकातली छोटी वही कोणी फाडून टाकली नाही. युनिक्समधून ती १९९१ च्या लिनक्समध्ये आली. आजही नाव टाइप केले, की संगणक सहसा आधी तिच्यात पाहतो. तिथे सापडले नाही तरच बाहेर विचारतो. घरच्या वहीत खोटा आकडा लिहिला तर संगणक तोच खरा मानतो. युक्ती एवढीच.

खोटा आकडा म्हणून बहुतेक जण १२७.०.०.१ लिहितात. हा पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच. खेळाच्या स्थळापुढे तो लिहिला, की पत्र आपल्याच दारात परत येते. तिथे खेळ नसतो, पान उघडत नाही. ०.०.०.० लिहिले तरी चालते. ओळीत आधी आकडा, मग एक जागा सोडून नाव, तेही रोमन अक्षरांत. फाइल बदलायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. (तो फळ्यावर लिहून ठेवू नये. आम्ही पाहिला आहे.)

टेंभुर्णीत आम्ही सहा नावे लिहिली आणि दहा मिनिटांत मुलांनी एक स्थळ उघडून दाखवले. नावाच्या आधीचे 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' असलेले रूप आम्ही लिहिलेच नव्हते. वहीला 'असे सगळे' ही भाषा कळत नाही; प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागते. एका स्थळातले एकच पान बंद करणेही तिला जमत नाही. आणि मधे दुसरा संगणक घालून, म्हणजे प्रॉक्सीतून, कोणी गेले तर ती वही उघडलीच जात नाही. खिशातल्या मोबाइलबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरी अडचण आठवड्याने आली. व्हिडिओचे एक स्थळ आम्ही बंद केले होते. ग्रहणाचा पाठ आला आणि विज्ञानाच्या बाईंची फिल्म उघडेना.

हसू येते खरे, पण मोठ्या माणसांनीही हेच केले आहे. सप्टेंबर २००३ मध्ये केंद्र सरकारने मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी संबंधित 'किन्हुन' हा याहूवरचा एक छोटा गट बंद करायला सांगितले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना तेवढा गट वेगळा काढता येईना. त्यांनी सगळे 'याहू ग्रुप्स' बंद केले. भारतभरच्या लोकांचे, ज्यांचा मेघालयाशी काही संबंध नव्हता त्यांचेही, पत्रव्यवहार थांबले. जुलै २००६ मध्ये पुन्हा तेच. काही मोजकी पाने बंद करण्याच्या आदेशावरून अख्खे 'ब्लॉगस्पॉट' कित्येक ठिकाणी दिसेनासे झाले. ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले होते, आणि नातलगांचा शोध घ्यायला मदत करणारे एक पान त्याच ब्लॉगस्पॉटवर होते.

दोन्ही वेळी लोकांना फक्त 'पान उघडत नाही' एवढेच दिसले. शाळेतल्या मुलालाही तेवढेच दिसते. जोडणी तुटली, की वीज गेली, की कोणी मुद्दाम बंद केले, हे पडदा सांगत नाही. हजारो नावांच्या तयार याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात, त्या एका झटक्यात या फाइलमध्ये ओतता येतात. पण त्या कोणी, कुठे बसून, काय ठरवून केल्या ते आपण पाहत नाही. अश्लील स्थळांसाठी आम्ही अशी एक यादी वापरली. ती नावे हाताने कोण लिहीत बसणार? बाकीची यादी मात्र शिक्षकांनी स्वतः लिहिली, छापली आणि संगणकाच्या खोलीच्या दारावर लावली. प्रत्येक नावापुढे बंद करण्याचे कारण आणि तारीख.

आम्ही पुढच्या वेळी गेलो तेव्हा तीन नावांवर काट मारलेली होती. व्हिडिओच्या स्थळापुढे लिहिले होते, 'शनिवारी सकाळी सुरू'. खाली मुलांच्या अक्षरात दोन नवी नावे आली होती, त्यांतले एक बुद्धिबळाचे. त्यावरचा वाद अजून मिटलेला नव्हता.