फायलींचे ठसे

मनुष्य नाव बदलतो, वेष बदलतो. बोटांचे ठसे मात्र त्याला सोडीत नाहीत. संगणकातील फाईलचाही असाच एक ठसा काढता येतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. फाईल चार ओळींची असो वा चार खंडांची, तिच्यावर ठराविक गणिती प्रक्रिया केली की ठराविक लांबीची एक संख्या हाती येते. फाईलचे नाव बदलले तरी ही संख्या तीच राहते. आतले एक अक्षर बदलले की ती निराळीच निघते.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली ‘एमडी-५’ ही पद्धत रचली. १९९५ मध्ये ‘शा-१’ आली. या ठशांच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने एक मोठी नोंदवही सिद्ध केली. सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती मिळवावयाच्या आणि त्यांतील प्रत्येक फाईलचा ठसा टिपून ठेवावयाचा, असा तिचा परिपाठ. जप्त केलेल्या संगणकात लक्षावधी फायली असतात आणि त्यांतील पुष्कळशा घरोघरच्या संगणकांत सारख्याच असतात. नोंदवहीशी ताडून त्या बाजूला काढल्या, की उरलेल्यांवर तपासनिसाला लक्ष देता येते. मात्र ही वही ‘ओळखीची’ एवढेच सांगते, ‘निर्दोष’ असे सांगत नाही. घरफोडीची संगणकी हत्यारेही तिच्यात नोंदलेली आहेत.

पण ठशांवरील विश्वासालाही तडा गेला. २००४ साली चिनी विदुषी शियाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी-५ चा एकच ठसा असलेल्या दोन भिन्न मजकुरांच्या जोड्या दाखविल्या. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या प्रोग्रामने हीच उणीव साधून मायक्रोसॉफ्टची खोटी स्वाक्षरी मिरविली. २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमची गणित संस्था व गूगल यांनी शा-१ चीही तीच गत केली.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. एकाच ठशाच्या दोन फायली मुद्दाम जोडीने घडविणे साधले आहे. दुसऱ्याच्या आधीच्या फाईलच्या ठशाबरहुकूम नवी फाईल घडविणे अद्याप कोणास प्रत्यक्षात साधलेले नाही. म्हणून जुन्या नोंदी वाया गेल्या नाहीत. परंतु नव्या कामासाठी ‘शा-२५६’ हीच पद्धत भरवशाची ठरते.

हा प्रश्न दूरदेशीचा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार संगणकीय पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात त्याचा ठसा नोंदवावा लागतो. त्या नमुन्यात शा-२५६ बरोबर एमडी-५ आणि शा-१ यांनाही जागा आहे. त्यांतील कोणत्या चौकटीत खूण होते, यावर उद्या एखाद्या आरोपीची अब्रू अवलंबून राहील.