मूठ, पाते आणि एक दंतकथा

दाढीसाठी पहिला दुधारी सेफ्टी रेझर निवडू पाहणाऱ्या माणसापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचे असतात. मूठ आखूड असावी की लांब? तीन भागांत सुटणारा रेझर बरा, की तळाची कळ फिरवताच वरची झाकणे उघडणारा? पाते कोणत्या कंपनीचे घ्यावे? या प्रश्नांना उत्तरे देणारे सल्ले मुबलक आहेत. परंतु हे प्रश्न विचारता येतात, म्हणजेच मूठ एकाची आणि पाते दुसऱ्याचे घेता येते, हे मुळात कसे शक्य झाले याची चौकशी सहसा कोणी करत नाही. निवडीचे हे स्वातंत्र्य कोणी उदार होऊन बहाल केलेले नाही. ते एका पेटंटची मुदत संपण्यातून आणि एका व्यापारी संघर्षातून घडले आहे. त्याचा जो इतिहास आपल्याला ऐकवला जातो, तो मात्र बराचसा दंतकथेच्या स्वरूपाचा आहे.

ही दंतकथा व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन उद्योजकाने म्हणे रेझर जवळजवळ फुकट वाटले आणि पाती विकून अमाप पैसा केला. छपाईचे यंत्र स्वस्त आणि शाई महाग असा व्यवहार दिसला की आजही त्याच्या मुळाशी जिलेटचेच नाव ठेवले जाते. या कथेला नायक आहे, युक्ती आहे, शेवटी तात्पर्य आहे. इतक्या नीटस कथेकडे साहित्याच्या अभ्यासकाने तरी सावधपणे पाहायला हवे. शिकागो विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० साली या कथेची किमतींच्या आणि पेटंटच्या तारखांशी पडताळणी केली, तेव्हा मूळ घटनाक्रम जवळजवळ उलटा असल्याचे दिसून आले.

तो घटनाक्रम समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्वतःची दाढी स्वतःला निर्धोकपणे करता यावी, ही कल्पना जिलेटची नव्हे. अठराव्या शतकात झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर ग्रंथच लिहिला होता. सुताराच्या रंध्यात पाते जसे ठराविक मापानेच बाहेर डोकावते, तसे वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवून त्याची धार त्वचेत खोल जाणार नाही अशी सोय त्याने केली. पुढे १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी आडव्या दांड्याच्या टोकाला छोटे पाते बसवून ‘स्टार’ नावाचा रेझर आणला. मात्र या सर्व साधनांतले पाते जाड, घडीव पोलादाचे होते. त्याला चामड्याच्या पट्ट्यावर नियमित परजावे लागे, अधूनमधून सहाणेवर लावावे लागे. जखमेची भीती कमी झाली होती, पण धार राखण्याचे कसब काही सुटले नव्हते.

जिलेटने नेमके हे कसब अनावश्यक ठरवले. बाटल्यांची पत्र्याची झाकणे बनवणाऱ्या विल्यम पेंटर यांच्या कंपनीत तो फिरता विक्रेता होता. एकदा वापरून फेकून देता येईल, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येईल, असे काही शोधून काढ, हा पेंटर यांचा सल्ला त्याच्या डोक्यात घोळत होता. १८९५ साली त्याला पातळ, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या आणि बोथट होताच टाकून देता येणाऱ्या पात्याची कल्पना सुचली. कल्पना सोपी होती, पोलाद सोपे नव्हते. इतका पातळ पत्रा तापवून कठीण करू जाता तो वाकडातिकडा होई. विल्यम निकरसन या अभियंत्याने ही अडचण सोडवली, आणि १९०१ साली बोस्टनमध्ये कंपनी उभी राहिली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी रेझरांची संख्या ९० हजारांवर गेली. १९०४ च्या नोव्हेंबरात पेटंट मिळाले.

या रचनेतली खरी खुबी हातात रेझर घेऊन पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सुटे पाते बोटांत धरले तर लवते. त्याने दाढी करणे अशक्य. ते खालच्या बैठकीवर ठेवून वरून टोपी आवळली की त्याला किंचित कमान येते, आणि त्या कमानीमुळेच ते ताठ होते. पात्याला स्वतःचे बळ नाही, त्याला ते मुठीकडून मिळते. पेटंटचा गाभा हाच होता.

आता किमतीकडे वळू. पेटंटची १७ वर्षे जिलेटच्या रेझरची किंमत पाच डॉलर होती. त्या काळातल्या अमेरिकन कामगाराच्या आठवड्याच्या कमाईतला मोठा घास त्यात जाई. प्रतिस्पर्धी कंपन्या एकेरी धारेच्या पात्यांचे रेझर एका डॉलरला देत होत्या, तरीही जिलेटची किंमत उतरली नाही. म्हणजे फुकट मुठीची युक्ती ज्याच्या नावावर जमा आहे, त्याने ज्या काळात ती वापरणे सर्वांत सोपे होते, त्या काळात ती वापरलीच नाही. त्याची पाती अन्य कोणी बनवू शकत नव्हते, तेव्हा त्याने मूठ महाग ठेवली. १९२१ साली पेटंट संपले आणि कोणालाही पाती बनवण्याची मुभा मिळाली, तेव्हा कंपनीने जुन्या घाटाचा रेझर एका डॉलरवर आणला. तोवर पहिल्या महायुद्धाने तिचे मोठे काम केले होते. अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर मागवले होते, आणि घरी परतणारा सैनिक रोज स्वतः दाढी करण्याची सवय सोबत घेऊन आला होता.

पेटंट संपल्यावर बाजारात इतरांची पाती आली. १९३० मध्ये जिलेट कंपनीने पात्याचा आकार बदलून नवे कुंपण घालण्याचा प्रयत्न केला, परंतु हेन्री गेझमन यांच्या ऑटोस्ट्रॉप कंपनीशी त्या आकाराच्या हक्कावरून वाद उभा राहिला आणि अखेर दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. मध्यभागी लांब खाच असलेले आजचे पाते त्याच घडामोडींतून रुळले. पुढे त्या आकारावर कोणाचीच मालकी उरली नाही. सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि एक दशांश मिलिमीटर जाडीचे हे पाते आज जगभरचे कारखाने बनवतात, आणि ते शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेटच्या रेझरमध्येही बसते. विसाव्या शतकातल्या फारच थोड्या वस्तूंविषयी असे म्हणता येईल.

या मोकळेपणाचा परिणाम १९६० च्या दशकाच्या आरंभी दिसला. तलवारी बनवण्याची परंपरा सांगणाऱ्या विल्किन्सन या इंग्लिश कंपनीने गंज न धरणाऱ्या पोलादाचे, दीर्घकाळ टिकणारे पाते आणले. ते जिलेटच्याच मुठीत बसत होते. बलाढ्य कंपनीला तिच्याच गिऱ्हाइकांच्या हातातल्या तिच्याच रेझरने आव्हान दिले, आणि तिला आपले पाते सुधारावे लागले. १९७१ मध्ये जिलेटने दोन पाती एकत्र बसवलेली सीलबंद पेटी आणली. ही पेटी विशिष्ट मुठीलाच बसत असे. १९९८ मध्ये तीन आणि २००६ मध्ये पाच पात्यांच्या पेट्या आल्या. स्वस्त मूठ आणि महाग पाती हा व्यवहार पक्का झाला तो इथे. दंतकथा अशी मागाहून खरी झाली, आणि खरी झाल्यावर तिने स्वतःला सत्तर वर्षांचा भूतकाळ बहाल केला.

जिलेटच्या चरित्रातला विरोधाभास याहून खोल आहे. रेझरची कल्पना सुचण्याच्या एक वर्ष आधी, १८९४ मध्ये, त्याने ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ हे पुस्तक लिहिले होते. स्पर्धा हेच सर्व दुःखांचे मूळ, असे त्याचे प्रतिपादन होते. सर्व उत्पादन एकाच लोकसंस्थेकडे असावे आणि अमेरिकेची बहुतेक वस्ती नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महानगरात राहावी, असे स्वप्न त्याने रेखाटले. हा तरुणपणीचा भाबडेपणा नव्हता. १९१० मध्ये त्याने जागतिक महामंडळाची योजना मांडली आणि तिचे अध्यक्षपद थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर मानधनासह देऊ केले. त्यांनी ते नाकारले. १९२४ मध्येही त्याने याच विचाराचे आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. स्पर्धेचा हा शत्रू पात्यांच्या कोट्यवधी वेष्टनांवरून स्वतःच्या सहीनिशी, भरघोस मिशांसह जगाकडे पाहत राहिला, आणि १९३२ साली वारला तेव्हा त्याची बहुतेक संपत्ती गेलेली होती. त्याचे महानगर कागदावरच राहिले. मात्र त्याच्या इच्छेविना, पेटंट संपण्याच्या रूक्ष कायदेशीर घटनेतून, त्याच्या पात्याचा आकार सर्वांच्या सामाईक मालकीचा झाला. त्याच्या स्वप्नातला एवढाच अंश प्रत्यक्षात आला, आणि तोही स्पर्धेच्या वाटेने.

हा इतिहास ठाऊक असेल तर पहिला रेझर निवडण्याचे निकष आपोआप स्पष्ट होतात. मूठ टिकाऊ, पाते नाशवंत, म्हणून खर्च मुठीवर करावा. पितळेवर किंवा स्टेनलेस पोलादावर घडलेला रेझर पिढी ओलांडतो. जस्ताच्या मिश्रधातूचा स्वस्त रेझर मुलामा शाबूत आहे तोवर उत्तम चालतो. तीन भागांत सुटणाऱ्या रेझरमध्ये बिघडण्यासारखे काही नसते आणि तो धुऊन स्वच्छ होतो. नवख्याने पाते कमी बाहेर डोकावणारा, खाली सलग पट्टी असलेला सौम्य रेझर घ्यावा. फणीसारखे दाते असलेला किंवा आकडे फिरवून धार कमीजास्त करता येणारा रेझर नंतर घेता येतो. पाती मात्र दोन-चार कंपन्यांची थोडी थोडी आणून पाहावीत, कारण तीच सोय या पात्याने मिळवून दिली आहे. रेझर गालाशी सुमारे तीस अंशांत धरावा आणि हात हलका ठेवावा. रेझरचे वजन पुरते. जिलेटने पात्याला धार लावण्याचे कसब संपवले, दाढी करण्याचे नव्हे.

आपल्याकडे या कसबाला आणखी एक परिमाण होते. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्याची धोकटी घरोघर जाई, पण प्रत्येक घरी जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की साताऱ्यात त्यांचे आणि भावंडांचे केस मोठी बहीण कापत असे. गावात न्हावी नव्हते किंवा पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता म्हणून. स्वतःची हजामत स्वतः करता येणे ही बोस्टनच्या जाहिरातीत सकाळचा वेळ वाचवणारी सोय असेल. जिथे वस्तऱ्याचा स्पर्शही जातीने ठरत होता, तिथे कोणालाही दुकानातून विकत घेता येणारे साधन हा वेगळ्याच प्रतीचा बदल होता. त्याने जात मोडली नाही. नकार देणाऱ्याच्या हातून त्या नकाराचे एक हत्यार तेवढे काढून घेतले.

आणि न्हाव्याचे काय झाले? तोही राहिला, बदलून. सहाणेवर लावायचा वस्तरा बहुतेक सलूनांतून गेला आणि त्याच्या जागी पाते बदलता येणारा वस्तरा आला. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की कारागीर नवे दुधारी पाते वेष्टनातच मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्यात सरकवतो आणि उरलेले अर्धे पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. ज्या पात्याने न्हाव्याची गरज संपवायची होती, तेच आज त्याच्या वस्तऱ्याची धार आहे.